लुगडं, चोळी, गोधडी : कोण नेसलं त्याचीही नोंद

१४ जानेवारी २०२५

आज संक्रांत. आजपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू चालणार, बायका ट्रंकांतनं काळ्या साड्या बाहेर काढणार आणि त्यातल्या काही तर सासूच्या, आजेसासूच्या चंद्रकळा असणार, म्हणजे आमच्या कामाला सुरुवात करायला याच्याइतका चांगला काळ वर्षात दुसरा नाही. काम काय ते इथे एकदा लिहून ठेवते म्हणजे नंतर भरकटायला नको. गडहिंग्लज-निपाणी-मिरज या पट्ट्यातल्या बायकांचे रोजचे जुने कपडे, साधारण १९७० च्या आधीचे, घरी जाऊन बघायचे, मोजायचे, फोटो काढायचे आणि नेसणारीकडून किंवा तिच्या लेकी-सुनांकडून त्या कपड्याची माहिती लिहून घ्यायची. कपडा त्यांच्याच घरी राहणार, आम्ही काहीही घेऊन येणार नाही.

मी, शिवणकाम शिकवणारी मैत्रीण आणि फोटो-व्हिडिओ बघणारी माझी भाची, अशी आमची टीम.

रोजचे कपडेच का, असं आजच दोघींनी विचारलं. पैठणी, शालू, राजघराण्यातली वस्त्रं म्युझियममध्ये पोचतात आणि पोचायलाच हवीत, पण भांगलणीला जाताना नेसलेलं सुती लुगडं कुठल्या काचेत दिसतं? ते विरेपर्यंत वापरलं, मग त्याची गोधडी झाली, मग लंगोट, मग फडकं, संपलं. महाराष्ट्रातल्या बहुतेक बायकांनी आयुष्यभर जे अंगावर घातलं त्याचाच पुरावा सगळ्यात कमी उरलाय आणि मला हे फार लागतं.

१९ जानेवारी

आधी कुणी कुणी हे काम केलंय ते वाचत बसले होते. एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, कपड्यांचा इतिहास गोळा करायचं काम जगभर कितीतरी ठिकाणी बायकांनी उभं केलंय, कारण चित्रं, नाणी, शस्त्रं, शिलालेख याला इतिहास म्हणायचे आणि कपडा म्हणजे बायकांचा नट्टापट्टा, त्याकडे कोण बघतंय!

न्यूयॉर्कला आयरीन लुइसन आणि तिच्या सोबतच्यांनी १९३७ मध्ये पोशाखांचं वेगळं म्युझियमच काढलं, ते पुढे १९४६ मध्ये मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये सामील झालं. आज ज्या पोशाख विभागाच्या नावाने तिथे मेट गालाचा एवढा मोठा झगमगाट होतो त्याचं मूळ ते. इंग्लंडमध्ये डोरिस लँगली मूर हिने स्वतः जमवलेले कपडे बाथ शहराला दिले आणि १९६३ मध्ये तिथे म्युझियम उघडलं. तिचं मला आवडलेलं काम म्हणजे तिने जुन्या ड्रेसच्या कमरा टेप लावून मोजल्या. आपल्या पणज्यांच्या कमरा मुठीत मावायच्या असं लोक बिनधास्त सांगायचे, प्रत्यक्ष कपडे मोजल्यावर ते काही टिकलं नाही. वाद घालत बसण्यापेक्षा टेप काढा!

आणि मँचेस्टरची अ‍ॅन बक. १९४७ पासून प्लॅट हॉलच्या पोशाख संग्रहाची ती पहिली प्रमुख, आणि तिने सरदार-उमरावांच्या पलीकडे जाऊन नोकरचाकर, शेतमजूर, साधी माणसं काय घालायची यावर आयुष्यभर काम केलं. आमच्या कामाशी सगळ्यात जवळचं नातं हिचंच.

आपल्याकडे कमला डोंगरकेरींनी भरतकामावर आणि साडीवर पन्नास-साठच्या दशकात पुस्तकं लिहिली. जमीला ब्रिजभूषण यांचं भारतीय पोशाख आणि कापडांवरचं काम १९५८ चं. अहमदाबादचं कॅलिको म्युझियम १९४९ मध्ये सुरू झालं, त्यामागे गौतम साराभाईंबरोबर गिरा साराभाई होत्या आणि पुढे कित्येक दशकं त्यांनीच ते जपलं. नेसण्याच्या पद्धतींवर शांताल बूलांजे ही फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ आणि ऋता कपूर चिश्ती या दोघींनी शंभरच्या वर पद्धती नोंदवल्यात. बूलांजे २००४ मध्ये गेली, पण तिचं पुस्तक आमच्या टेबलावर उघडंच असतं.

२ फेब्रुवारी

गोधडीचा दिवस. हे सविस्तर लिहिते.

गडहिंग्लजजवळच्या एका गावात हळदीकुंकवाला गेलो होतो, तिथल्या आजी म्हणाल्या की जुनं लुगडं एकपण नाही, सगळी वापरून संपली. निघणार तेवढ्यात मैत्रिणीचं लक्ष पलंगावरच्या वाकळेकडे गेलं. तिचा एक कोपरा झिजून आतले थर दिसत होते. आजींना विचारलं, ही कुणी शिवली, तर म्हणाल्या, "मीच की, धाकट्याच्या बाळंतपणात सासूनं लुगडी काढून दिली आन् म्या टाके घातले."

मग आम्ही तिथेच बसलो. गोधडी उसवायची नाही हे आधीपासून ठरलेलं आहे, तिचे टाकेसुद्धा तेवढेच महत्त्वाचे आहेत. त्यामुळे जिथे आपोआप विरलंय तिथेच बघायचं. भाचीने खिडकीच्या बाजूने तिरका उजेड घेऊन कोपऱ्याचे फोटो काढले, मी भिंग घेऊन धागे बघत होते आणि आजी बोटाने दाखवत सांगत होत्या. वरचा थर हिरवा, बारीक चौकडीचा, तो सासूबाईंचा. त्याखाली पांढरं, म्हणजे सासऱ्यांचं धोतर. त्याच्या खाली एक जाड, भरड, रंग पार उडालेला तुकडा होता, त्याला हात लावून आजी म्हणाल्या, "ह्ये कंट्रोलातलं हाय. आईनं दिलेलं. लई टोचायचं."

कंट्रोल म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला. १९४३ मध्ये सरकारने सुती कापड आणि सुतावर नियंत्रण आणलं, भाव बांधून दिले, पुढे रेशनिंगही आलं. हे सगळं इतिहासाच्या पुस्तकात मिळतं, पण ते कापड अंगाला टोचायचं ही माहिती फक्त ते नेसलेल्या बाईच्या मुलीकडे मिळते, आणि ती तिने गोधडीच्या तिसऱ्या थरात सांभाळून ठेवली होती. एका वाकळेत आईचं, सासूचं, सासऱ्याचं आणि स्वतःचं कापड, थर कुठला कुणाचा ते तोंडपाठ. याला संग्रह म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? आमच्या नोंदींच्या शीटमध्ये आता "गोधडी/वाकळ" असा वेगळा विभाग केलाय आणि "शिवणारी" असा कॉलम टाकलाय.

टाक्यांचीही नोंद घेतली. कडेपासून सुरू करून आत आत चौकोनी फेऱ्या घेत मध्यापर्यंत धावदोरा. दोरा पांढरा, जाड, दुहेरी. टाका लहान-मोठा होतो तिथे हात बदललाय, म्हणजे मदतीला कुणीतरी बसलेलं. आजींना विचारलं तर म्हणाल्या, जाऊबाई. त्यांचंही नाव लिहिलं.

९ फेब्रुवारी

इरकली लुगड्यांच्या नोंदी. इथून इलकल काही फार लांब नाही, बागलकोट जिल्ह्यातलं गाव, त्यामुळे या पट्ट्यातल्या प्रत्येक ट्रंकेत एक तरी इरकल निघतंच. अंग सुती, काठ आणि पदर रेशमी (पुढच्या काळात आर्टसिल्क, म्हणजे कृत्रिम रेशीम), पदर लाल आणि त्यावर पांढरं विणकाम. यातली कमाल म्हणजे पदराचा ताणा (मागावरचे उभे धागे) वेगळा असतो आणि अंगाचा वेगळा, ते दोन ताणे मागावर फासात फास अडकवून जोडतात, आणि प्रत्येक साडीसाठी ही जोडणी नव्याने करायची. भिंगातून ती जोडाची रेघ बघितली तर सुताचा फास रेशमाच्या फासात अडकलेला स्पष्ट दिसतो. जुन्या हातमागाच्या साडीत तो दिसतोच, म्हणून आता पहिल्यांदा तिथेच भिंग लावायचं असं ठरलंय.

पदरावरच्या नक्षीतही शेती आहे. एक कंगव्यासारखी, एक कोटाच्या तटासारखी, एक डोंगररांग आणि एक ज्वारीचं कणीस. एका मावशींनी पदर मांडीवर पसरून कणसावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, आमच्या आईला असलाच पदर लागायचा, दुसरा दिला की परत करायची. खरेदी कुणी करायचं विचारलं तर पैसे वडिलांचे पण निवड आईची, बाजारात दुकानदारासमोर पदर उघडून बघूनच घ्यायची. हे वाक्य जसंच्या तसं रेकॉर्ड केलंय. बायकांना कपड्यातलं फक्त नटणं कळायचं म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं, त्या माउलीला वीण कळत होती, जोड कळत होता, रंग कच्चा की पक्का कळत होता.

२३ फेब्रुवारी

चोळ्या. इथे मैत्रिणीचं राज्य.

खणाच्या चोळीचं कापड जास्त करून बागलकोट जिल्ह्यातल्याच गुळेदगुड्ड गावचं. जुन्या गाठीच्या चोळ्या हाताने शिवलेल्या मिळतायत आणि त्यांचं बेतणं बघून मैत्रीण दर वेळी थक्क होते. जवळजवळ सगळे तुकडे सरळ रेषेत कापलेले, चौकोन आणि त्रिकोण, गोलाई नावाला. काखेत तिरकी कळी घालून हात वर करायला जागा केलेली, कापणीला खुरपणीला हात अडला नाही पाहिजे ना. आणि खणाचा काठ नेमका बाहीच्या कडेला आणलेला, म्हणजे तिथे दुमडून शिवायची गरज नाही, दिसायलाही छान. कापड वाया जवळपास शून्य.

हे कागदावर कसं उतरवायचं याचा धडा जॅनेट आर्नल्डकडून घेतलाय. १९६४ मध्ये तिचं पहिलं पुस्तक आलं, त्यात म्युझियममधले खरे कपडे मोजून प्रत्येक तुकडा चौकटीच्या कागदावर प्रमाणात काढलाय, आणि बाजूला शिवण कशी आहे, टाका कुठला, जोड कुठे, अशा बारीक टिपा हाताने लिहिल्यात. तुकडा जोडलेला असेल तर तो जोडही दाखवलाय, लपवलेला नाही. आम्ही तसंच करतोय, एक चौकोन म्हणजे एक इंच. एका चोळीच्या पाठीला वेगळ्याच खणाचा पट्टा लावून रुंदी वाढवलेली होती, घरच्यांना वाटलं ते चित्रात नको, वाईट दिसतं. मैत्रिणीने समजावलं की हीच तर महत्त्वाची गोष्ट आहे, या बाईचं अंग भरलं, तिने नवी चोळी न शिवता होती तीच वाढवली, तिचं आख्खं घर चालवणं त्या पट्ट्यात दिसतंय. मग त्या सूनबाई स्वतःच सांगायला लागल्या, हा पट्टा माझ्या नणंदेच्या चोळीतला.

८ मार्च

आज महिला दिन म्हणून एका ठिकाणी बोलायला बोलावलं होतं. बोलायच्या आधी एका म्युझियममध्ये डोकावले. एका कपाटात नऊवारी, खाली पाटी: "साडी, रेशीम, महाराष्ट्र". एवढंच. नेसणारीचं नाव नाही, गाव नाही, कुणी दिली ते नाही. शेजारच्या तलवारीला मात्र घराण्याचं नाव होतं. राग आला, खरं सांगते, आणि भाषणात तेच बोलले.

पुण्याच्या केळकर संग्रहालयाबद्दलही बोलले. दिनकर केळकरांचं नाव सगळ्यांना माहिती असतं, पण ते जमवाजमव करत असताना त्यांच्या पत्नी कमलाबाईंची साथ होती हे किती जण आवर्जून सांगतात? स्वयंपाकघरातली भांडी, दिवे, वेण्या-फण्या, कपडे, असल्या घरगुती वस्तूंनी तो संग्रह भरलाय.

दुसरं उदाहरण फोटोचं दिलं. आनंदीबाई जोशींचा १० ऑक्टोबर १८८५ चा फिलाडेल्फियातला तो प्रसिद्ध फोटो, त्यात त्यांच्यासोबत जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली आहेत. तिघी डॉक्टरकीच्या विद्यार्थिनी, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. परक्या मुलखात, त्या थंडीत, कॅमेऱ्यासमोर काय घालून बसायचं हा आपल्या पोशाखाचा दस्तऐवज त्यांनी स्वतःच्या अंगावर तयार करून ठेवलाय. आणि नावं लिहिलेली आहेत म्हणूनच तो फोटो आज एवढा बोलतो! फोटोखाली नुसतं "तीन पौर्वात्य स्त्रिया" असतं तर काय कळलं असतं?

भाषणानंतर एका ताईंनी त्यांच्या आजीच्या लुगड्याचा पत्ता दिला. पुढच्या आठवड्यात जायचं.

१६ मार्च

नेसण्याचं शूटिंग. याच्यावर टीममध्ये वाद झाला होता तो लिहून ठेवते. भाचीचं म्हणणं, खरं जुनं लुगडंच नेसवून व्हिडिओ घेऊ, रंग, पोत, पडण्याची ढब खरी येईल. १९४९ मध्ये डोरिस मूरने आपल्या पुस्तकासाठी असेच अस्सल जुने कपडे माणसांना घालून फोटो काढले होते, हे ती लगेच पुढे करते. पण आज म्युझियमं सहसा तसं करू देत नाहीत, घाम आणि ताण दोन्हीने जुना धागा तुटतो, आणि एकदा फाटलं की फाटलं. शेवटी बाजारातनं नवं नऊवारी सुती घेतलं आणि मैत्रिणीने त्याला दर अर्ध्या वाराला लाल दोऱ्याचा टाका घातला.

हे टाके फार उपयोगी पडले. आजी नेसताना कुठला टाका कुठे जातो ते व्हिडिओत थांबवून थांबवून मोजता येतं, कमरेच्या वेढ्याला किती गेलं, निऱ्यांना किती, काष्ट्याला किती, पदर किती उरला. त्याच आजींनी आधी घरात नेसायचं दाखवलं, मग रानात जाताना कसं नेसायचं ते दाखवलं, तेव्हा निऱ्या कमी झाल्या, लुगडं पोटरीच्या वर गेलं आणि पदर कमरेला आवळला गेला, तर ते कापड ओच्याकडे सरकलं, शेंगा तोडून टाकायला तिथे चांगला मोठा खोळ तयार झाला. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, एकही टाचणी नाही, एकही गाठ नाही (कमरेची पहिली सोडून), आणि दोन मिनिटांत बाई शेतात जायला तयार.

आजी मध्येच थांबून म्हणाल्या, "हात सांगतोय मला, तोंडानं न्हाई सांगता यायचं. तू बघ आन् शीक." बूलांजेनेही असंच केलं होतं, बघून, स्वतः नेसायला शिकून मग पायरी-पायरीने चित्रं. म्हणून आता आम्ही तिघी नेसायला शिकतोय, व्हिडिओ त्यानंतरच कापायचे. कोकण किनाऱ्यावरचं कोळी नेसणं आणि गोव्यातली कुणबी बायकांची खांद्यावर गाठ मारायची पद्धत आमच्या पट्ट्यात येत नाही पण तिथल्या कुणी हे वाचत असेल तर कृपा करून टाके घालून शूटिंग करा, पद्धत फुकट आहे.

६ एप्रिल

जुने कपडे घेऊन भांडी देणाऱ्या बोहारणीशी दोन तास बोलणं झालं. त्या आईबरोबर लहानपणापासून दारोदार फिरल्यात. आमच्या कामात यांची नोंद असलीच पाहिजे असं मी आग्रहाने म्हणत होते कारण गावातल्या प्रत्येक घरातनं कुठलं कापड कधी बाहेर पडलं हे यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. कापड त्या डोळे मिटून ओळखतात. आम्ही दिलेले तुकडे चिमटीत धरून, जरासं चोळून सांगितलं, हे गिरणीचं, हे हातमागाचं, यात आर्टसिल्क आहे, याला खळ जास्त आहे. आम्ही भिंगाने बघून तेच लिहिलं होतं.

जरीच्या साड्या कुठे गेल्या ते त्यांनी सांगितलं. जुन्या जरीत खरी चांदी असायची, मग जर घेणारे व्यापारी साड्या विकत घेऊन त्यांचे काठ-पदर जाळून चांदी काढायचे. एवढं मोठं विणकाम, त्याची किंमत वजनावर. त्या म्हणाल्या एकदा एका वाड्यातनं आलेला शालू त्यांच्या आईने विकला नाही, पोरीच्या लग्नासाठी ठेवला, आणि त्या स्वतः त्यातच बोहल्यावर उभ्या राहिल्या. शालू अजून आहे. बघायला बोलावलंय. शीटमध्ये आता "हातबदल" असा कॉलम, कापड कुणाकडून कुणाकडे गेलं ते.

२७ एप्रिल

कोल्हापुरात होते म्हणून भानू अथैयांबद्दल इथे लिहिते. १९२९ ला कोल्हापुरात जन्म, माहेरच्या राजोपाध्ये. आधी चित्रकार, मग सिनेमाची वेशभूषा, आणि १९८३ मध्ये 'गांधी'साठी जॉन मोलोबरोबर ऑस्कर, भारतातलं पहिलं. 'आम्रपाली'साठी त्या अजिंठ्याची चित्रं बघून आल्या होत्या. म्हणजे पडद्यावर आपण जे "जुन्या काळचे कपडे" म्हणून बघतो त्याच्यामागे एका कोल्हापूरच्या मुलीचं बघणं, मोजणं, काढून ठेवणं आहे. २०१२ मध्ये त्यांनी ऑस्कर नीट जपलं जावं म्हणून अकादमीकडेच परत दिलं. हे मला कौतुकापेक्षा जास्त चटका लावून गेलं, आपल्याकडे ठेवलं तर जपलं जाईल असा भरवसा एवढ्या मोठ्या बाईलाही वाटला नाही.

म्हणून जपणुकीचा कागद आज संध्याकाळी पूर्ण केला, प्रत्येक घरी एक देतोय. डांबरगोळ्या कपड्याला टेकून ठेवू नका. मांजरपाट दोनदा धुऊन खळ काढून त्यात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, दमट राहतं. जरीचं असेल तर जर आत न दुमडता गुंडाळी करा, नाहीतर त्याच घडीवर चिरतं. गुंडाळी जमत नसेल तर वर्षातनं दोनदा घडी बदला. उन्हात वाळत घालू नका, सावलीत हवा दाखवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका चिठ्ठीवर नेसणारीचं नाव, माहेर, सासर, साधारण साल, कुणी दिलं, कशासाठी दिलं हे पेन्सिलने लिहून आत ठेवा. पेनाने नको, शाई उतरते.

११ मे

नाव छापायचं की नाही यावर घरोघर विचारून झालं. काही घरातल्या पुरुषांनी "आमच्या आईचं नाव कशाला" असं म्हटलं, तिथे त्या बायकांशी वेगळं बोललो, ज्या आहेत त्यांनी स्वतः ठरवायचं आणि ज्या गेल्या त्यांच्या लेकींनी. बहुतेकींनी हो म्हटलंय. गोधडीवाल्या आजी तर म्हणाल्या, माझं घाल, सासूचं घाल आणि जावेचं पण घाल, तिनं टाके घातलेत. ज्यांना नको त्यांच्या नोंदीत फक्त नातं आणि गाव.

आता राहिलेलं: बोहारीण मावशींचा शालू, मिरजेच्या दोन ट्रंका, बाळाच्या कुंच्या आणि परकर-पोलकी (याला अजून हात लावलेला नाही), चोळ्यांच्या बेतांची शाईची प्रत मैत्रीण करतेय, आणि पावसाळ्याच्या आत सगळ्या घरी जपणुकीचा कागद आणि मांजरपाट पोचवणं. मांजरपाटाचा तागा आजच आणलाय, उद्यापासून धुवायला घ्यायचा.